गोदाकाठचा वारसा : कोणाचा आणि कोणासाठी?

गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो. त्याच्या आधी दोन-तीन वर्षे शासनाच्या तिजोरीला पाझर फुटतो, हाही अलीकडच्या काळातील जवळजवळ तितकाच नियमित योग आहे. २००३ आणि २०१५ नंतर आता २०२७च्या पर्वण्यांची तयारी सुरू आहे. २०२५मध्ये राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, हजारो कोटी रुपयांचे आराखडे मंजूर झाले आणि रस्ते, घाट, पूल यांच्या निविदांबरोबर 'वारसा' हा शब्दही सरकारी कागदांतून मोठ्या प्रमाणावर वापरात आला. शब्द चांगला आहे. परंतु वारसा म्हटला की वारसदार कोण, हा प्रश्न ओघानेच येतो; आणि तो प्रश्न टाळूनच सारे आराखडे बेतलेले दिसतात.

नाशिकच्या वारशाची जी यादी प्रवाशांच्या हाती पडते ती ठरलेली आहे. रामकुंड, काळाराम, सुंदरनारायण, नारोशंकराचे देऊळ, सीतागुंफा, तपोवन आणि शहराबाहेर पांडवलेणी. या यादीत खोटे असे काही नाही. मात्र प्रत्येक ठिकाणी देव आणि राजे यांचीच नावे उरली आहेत, माणसे गळाली आहेत. पांडवलेणी हेच नाव पाहा. त्रिरश्मी डोंगरातील ही चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली. पांडवांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. दगड फोडणाऱ्या पाथरवटांचे आणि दान देणाऱ्या सामान्य गृहस्थांचे काम लोकस्मृतीने उचलून महाभारतातील राजपुत्रांच्या नावे लिहून टाकले. बिचाऱ्या पांडवांनी महाराष्ट्रात जितकी लेणी एका रात्रीत खोदली, तितकी खोदावयास शंभर वनवास पुरले नसते.

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेण्यांतील लेखांचे वाचन केले आणि ते १८८३च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतला एक लेख नाशिकच्या प्रत्येक शाळेत शिकवला जावा अशा योग्यतेचा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे खोदवून भिक्षुसंघाला दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव त्याने कोठे ठेवली? सावकाराकडे नव्हे, राजाच्या कोषातही नव्हे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने; एक हजार दुसरीकडे, दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, असे लेखात म्हटले आहे. हिशेब चोख जुळतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या नदीच्या काठी हातमागावर बसणारी माणसे इतकी संघटित होती की, राजघराण्यातील पुरुष आपल्या दानाच्या शाश्वतीसाठी त्यांच्या शब्दावर विसंबून राहिला. राज्ये जातील, विणकरांचा संघ टिकेल, असा त्याचा अंदाज असावा. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य बुडवले, तेव्हा त्या अंदाजाचा निम्मा भाग तरी खरा ठरला.

आणखी एक लेख आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी रकमा ठेवल्या, त्याही श्रेणींकडेच. त्यांत कुंभारांची श्रेणी आहे, तेल्यांची आहे आणि जलयंत्राचे काम करणाऱ्यांचीही आहे. याच उषवदाताने तापी, दमणगंगा, डहाणू अशा नद्या उतरण्यासाठी नावा ठेवल्या आणि उताऱ्याचे पैसे घेऊ नयेत अशी व्यवस्था केली, काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया बांधल्या. नदी म्हणजे सर्वांच्या वापराची जागा आणि तिच्यावरील सोय विनामूल्य असावी, ही कल्पना परदेशातून आलेली नाही. ती नाशिकच्या खडकात कोरलेली आहे.

अर्थात प्राचीनाचे गोडवे गाताना डोळे उघडे ठेवणे बरे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. आपल्या पुत्राने धर्माला धरूनच कर घेतले, पौरजनांच्या सुखदुःखाशी तो समरस झाला, असे ही राजमाता अभिमानाने सांगते. आणि त्याच प्रशस्तीत, तितक्याच अभिमानाने, त्याने चार वर्णांचा संकर थांबवला असेही नोंदवते. कारागिरांच्या श्रेणींवरील विश्वास आणि वर्णांच्या भिंतींचा अभिमान ही दोन्ही याच डोंगरावर कोरलेली आहेत. वारसा असा मिश्र असतो. त्यातले काय पुढे न्यावयाचे हे प्रत्येक पिढीला निवडावे लागते, आणि नाशिकमध्ये ही निवड फार कडवटपणे करावी लागली.

काळाराम मंदिर हे पेशवाईच्या उत्तरार्धातील स्थापत्याचे उत्तम उदाहरण. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी ते बांधले. रामशेज डोंगराचा काळा दगड त्यासाठी आणला आणि दोन हजार माणसे बारा वर्षे राबत होती, असे सांगितले जाते. आकडा थोडाफार फुगलेला असला तरी घडवणाऱ्यांचे श्रम काही फुगलेले नाहीत. ती घडाई आजही भिंतीवर हात फिरवला की कळते. पण दगड वाहणाऱ्यांत ज्यांचे पूर्वज असतील त्यांना त्या मंदिराची पायरी चढण्याची बंदी होती. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार लोकांचा मोर्चा या मंदिरावर गेला, तेव्हा चारही दरवाजे बंद करण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून त्या दरवाजांपुढे सत्याग्रही बसले, त्यांत स्त्रियाही होत्या. संघटनेची मुख्य धुरा भाऊराव, म्हणजे पुढे सर्वांना दादासाहेब म्हणून परिचित झालेले गायकवाड यांच्यावर होती. अमृतराव रणखांबे आणि इतर सहकारी बरोबर होते. रामनवमीला रथ दोघांनी मिळून ओढावा असा समेट झाला. सवर्णांनी तो मोडून रथ पळवला आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. ज्या नदीकाठी पाप धुण्यासाठी देशभरातून लोक येतात, तेथे हे घडले.

याच मार्चच्या १२ तारखेला गांधीजी दांडीकडे निघाले. मीठ मुक्त करण्यासाठी तुरुंगात जाण्याची सिद्धता असलेल्या नाशिककरांपैकी कितीजण त्या दरवाजांपुढे बसलेल्यांच्या बाजूने उभे राहिले? फार थोडे. विशीतले वि. वा. शिरवाडकर १९३२मध्ये या सत्याग्रहात सहभागी झाले, ही गोष्ट कुसुमाग्रजांच्या कवितांइकतीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. परंतु अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी. लढा पुढे काही वर्षे चालला. १९३४मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून तो थांबवण्याचा सल्ला दिला. मूर्तीच्या दर्शनाने दलितांचा उद्धार होईल अशा भ्रमाने हा लढा सुरू केलेला नव्हता, दलित वर्गाला आपल्या स्थितीची आणि शक्तीची जाणीव व्हावी हा त्याचा हेतू होता, हे त्यांनी स्पष्ट केले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवले येथे त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. काळारामाचे बंद दरवाजे आणि येवल्याची घोषणा यांच्यामधले अंतर साडेपाच वर्षांचे आणि काही कोसांचे आहे. मंदिरे कायद्याने उघडली ती १९४७ साली. तोपर्यंत दरवाजाबाहेर बसलेल्यांपैकी अनेकांनी त्या देवाकडे पाठ फिरवली होती.

सनातन्यांचा आग्रह या काठावर जितका जुना, तितकाच बंडखोरांचाही आहे. अभिनव भारताचा अनंत कान्हेरे याने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. नाशिक रोडच्या मध्यवर्ती तुरुंगाची कथा मात्र तितकी सांगितली जात नाही. १९३२-३३च्या सुमारास जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे आदी तरुण या तुरुंगाच्या भिंतींआड एकत्र आले, आणि स्वराज्य कोणासाठी या प्रश्नावर रात्री जागवत त्यांनी ज्या पक्षाचा आराखडा मनाशी रचला तो १९३४मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष म्हणून उभा राहिला. योगायोग असा की, १९४८च्या मार्चमध्ये समाजवाद्यांनी काँग्रेसबाहेर पडण्याचा निर्णय घेतला तो नाशिकच्याच अधिवेशनात. त्याच तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. ज्या पुस्तकाने महाराष्ट्राच्या तीन-चार पिढ्यांना रडवले ते कोकणातील आठवणींचे असले तरी त्याचे जन्मस्थान गोदावरीच्या परिसरातील एक कोठडी आहे. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७च्या मे महिन्यात प्राण पणाला लावणारे गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते तेव्हा त्या शहरात काळारामाचा लढा चालू होता, हा केवळ काळाचा मेळ म्हणून सोडून देता येणार नाही.

असे असूनही वारसायात्रेच्या नकाशात दरवाजाबाहेरचा तो सत्याग्रह, ती कोठडी, विहितगावसारख्या खेड्यात जन्मून मराठी कथेचा चेहरा बदलणारे बाबुराव बागूल, या कशालाच देवळाच्या कळसाइतकी जागा मिळत नाही. वारसा म्हणजे जे जुने व निरुपद्रवी आहे तेवढेच, अशी व्याख्या सोयीची ठरते, कारण दगड प्रश्न विचारत नाहीत.

पण गावाचे खरे जुनेपण रोजच्या वापरातून टिकते. नाशिकच्या तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी मठारण्याचा आवाज एके काळी दिवसभर चाले. यात्रेकरू गंगेचे, म्हणजे नाशिककरांच्या भाषेत गोदावरीचे, पाणी गडूत भरून घरी नेत. त्या गडवांवर आणि घंगाळांवर तांबटांची घरे चालत. स्टेनलेस स्टील आणि प्लॅस्टिक आले, मजुरी घटली आणि पुढच्या पिढीतील अनेक हात सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे वळले. त्याबद्दल त्यांना दोष कोण देईल? तांबटाच्या मुलाने परंपरेसाठी उपाशी राहावे अशी अपेक्षा बाळगणारे स्वतः मात्र परंपरेचे कोणतेही ओझे वाहत नाहीत. आजही शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा येथील पेशवेकालीन रहाडी वर्षभर फळ्या व माती टाकून झाकलेल्या असतात आणि रंगपंचमीला उघडल्या जातात. फुलापानांच्या रंगात गल्लीतले आबालवृद्ध उड्या घेतात. ही परंपरा कोणत्याही पर्यटन महामंडळाने टिकवली नाही, गल्लीने टिकवली. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. तेथे खेड्यांतून आलेल्या बायका भाजी, टोपल्या, दोऱ्या, मडकी मांडून बसतात. सुशोभीकरणाच्या चित्रांत मात्र घाट नेहमी मोकळा असतो. चित्रकाराला दिवे दिसतात, दगडी बाके दिसतात, टोपली घेऊन बसलेली बाई दिसत नाही. उद्या पर्वणीसाठी हटवलेल्या माणसाला परवा परत बसू दिले जाईल की नाही, याची लेखी हमी कोणत्याच आराखड्यात द्यावीशी वाटत नाही.

आता नदीकडे पाहावे. नाशिककराला महापूर मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. दुतोंड्या मारुती पुरेसा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, छातीला लागले, डोक्यावरून गेले, यावरून शहर आपली सामानसुमानाची हलवाहलव ठरवते. त्याच्याही पलीकडे गेले तर नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचते. ही घंटा मुळात पोर्तुगीजांची, १७३९मध्ये वसई जिंकल्यानंतर आलेली. १९६९चा पूर, २००८चा, २०१६चा, २०१९चा. प्रत्येक वेळी सराफ बाजार आणि भांडी बाजार पाण्यात गेले. वरच्या अंगाला १९६५मध्ये पूर्ण झालेले गंगापूर धरण आहे. पावसाळा सोडला तर रामकुंडात वाहते पाणी असावे की नसावे हे बऱ्याच अंशी धरणाच्या दरवाजावर अवलंबून असते. पर्वणीच्या दिवशी भाविक ज्यात बुडी मारतो ते पाटबंधारे खात्याने सोडलेले आवर्तन असते. त्याच पाण्यावर शहर, कारखाने, द्राक्षबागा आणि खाली पैठणच्या जायकवाडीकडे डोळे लावून बसलेला मराठवाडा, असे सर्वजण हक्क सांगतात. पावित्र्याच्या गप्पांत हा वाटपाचा प्रश्न कधी निघत नाही.

आणि नदीचे पावित्र्य राखण्यासाठी काय केले गेले? २००३च्या सिंहस्थाच्या वेळी गर्दीची सोय म्हणून पात्रातील प्राचीन कुंडांच्या तळाला काँक्रीट ओतण्यात आले. पात्राखालचे जिवंत झरे त्याखाली गाडले गेले. नागरिकांनी न्यायालयाचे दार ठोठावले, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि सुमारे सतरा वर्षांनी काही कुंडांतले काँक्रीट फोडण्याचे काम सुरू झाले. घालण्याचाही खर्च जनतेचा, फोडण्याचाही जनतेचा. त्याच सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत तीसहून अधिक यात्रेकरू मरण पावले. त्यांच्यापैकी कोणीही राजरथातून येणारे नव्हते. शहरातले नाले अजूनही सांडपाणी घेऊन गोदावरीला मिळतात, खालच्या अंगाला पाणवेलींचा गालिचा पसरतो. ते पाणी पुढे ज्या नांदूर मध्यमेश्वरला जाते त्या पाणथळ जागेला २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. पक्ष्यांना वरच्या शहराची ओळख प्रमाणपत्राने नव्हे, पाण्यानेच होत असणार.

२०२५च्या नोव्हेंबरात तपोवनातील सतराशेहून अधिक झाडे साधुग्रामासाठी तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध नाशिककर रस्त्यावर उतरले. तप ज्या वनात करावयाचे ते वनच तोडून तपस्व्यांची सोय करण्याची ही कल्पना कोणा पुराणकाराला सुचली नसती. या आंदोलनात भाविक होते, विद्यार्थी होते, कलावंत होते, नास्तिकही होते. झाडाच्या बुंध्याला मिठी मारून उभ्या राहिलेल्यांना सिंहस्थाचे शत्रू ठरवण्याचा प्रयत्नही झाला. हा आरोप खोटा आहे. साधूंच्या आखाड्यांना राहण्याची जागा मिळू नये असे कोणी म्हटले नाही. गाडगे महाराजांनी याच शहरात गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी केली आणि घाटावर स्वतः झाडू हातात घेतला. यात्रेकरूचा मान राखणे आणि नदीचा व झाडांचा मान राखणे यांत विरोध आहे, असे त्यांना कधी वाटले नसते.

या साऱ्या निर्णयांत नाशिककरांना विचारले कोणी? २०२२च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. लोकांनी निवडून दिलेले सभागृह अस्तित्वात नव्हते. सिंहस्थाचे बहुतेक महत्त्वाचे आराखडे याच काळात आकाराला आले. प्राधिकरण झाले ते अधिकाऱ्यांचे. सफाई कामगार कोणत्या ठेक्यावर आणि कोणत्या वेतनावर आणले जाणार, बाजारातील बायकांची जागा कोठे, पात्रातील काँक्रीटचे काय, झाडांचे काय, हे सारे निविदेच्या अटींत ठरते आणि निविदा वाचण्याचे काम ठेकेदारांखेरीज कोणी करत नाही.

उषवदाताच्या त्या लेखाच्या अखेरीस एक ओळ आहे, तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. ठेवीचा आकडा, व्याजाचा दर, लाभार्थी, हे सगळे गोवर्धनच्या निगमसभेत वाचून दाखवले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले, असे तीत म्हटले आहे. सत्ताधीशाचा जावई असूनही त्याला नगरसभेपुढे हिशेब वाचून दाखवावा लागला. २०२७च्या सिंहस्थाचा प्रत्येक ठेका, त्याची रक्कम, ठेकेदाराचे नाव आणि कामगारांचे वेतन गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात, भर गर्दीत, मराठीतून वाचून दाखवावे आणि फलकावर लावावे, अशी मागणी नाशिकमधील संघटनांनी आतापासूनच करावयास हवी. तिला आधार शोधण्यासाठी कोणत्याही परकी ग्रंथाची गरज नाही. त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढल्या की तो समोर दिसतो.